सातारा नीट, महाबळेश्वर मोडकं: लायब्ररी ‘बिल्ड’ होताना नेमकं काय ठरतं?

दूध संस्थेचं बिल आता बऱ्याच ठिकाणी व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून येतं. स्पर्धेचं प्रमाणपत्र, पतसंस्थेची पावती, वार्षिक सभेचं निमंत्रण, सगळं त्याच वाटेने. नावांची यादी प्रोग्रॅमला द्यायची, तो शेकडो चित्रं काढून देतो. अशा चित्रांत अधूनमधून ‘मिरज’चं ‘मरिज’ झालेलं असतं आणि ‘महाबळेश्वर’मधल्या श चा पाय मोडून ‘महाबळेश्‌वर’ उमटलेलं असतं. एक्सेलच्या यादीत नाव ठणठणीत असतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवरही ते नीट दिसतं. सर्व्हरवर चढवलं की मोडतं.

त्यातही सगळी नावं मोडत नाहीत, आणि खरी फसगत तिथेच होते. अशा बिघडलेल्या सर्व्हरवरून सातारा जिल्ह्याचे अकरा तालुके काढून बघा. सातारा, जावळी, वाई, खंडाळा, फलटण, माण, खटाव, कोरेगाव, कराड, पाटण ही दहा नावं चोख येतील. एकटं महाबळेश्वर फसेल. सांगलीच्या दहा तालुक्यांपैकी मिरज आणि शिराळा मोडतील, उरलेले आठ बरोबर. चाचणी म्हणून ज्याने ‘सांगली’ टाकून पाहिलं, त्याला सगळं आलबेल दिसणार आणि काम पुढे जाणार. आठवड्याने शिराळ्याहून फोन येणार.

यात टाइप करणाऱ्याची चूक नसते, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची सहसा नसते, आणि बहुतेक वेळा फॉन्टचीही नसते. चूक असते ती मधल्या एका टप्प्यात. त्या टप्प्याचं नाव बिल्ड. प्रोग्रॅमर मंडळींना तो कंटाळवाणा वाटतो आणि बाकीच्यांना तो असतो हेच माहीत नसतं.

वेलांटी आधी की अक्षर आधी?

‘मि’ लिहिताना आपण कीबोर्डवर आधी म दाबतो, मग वेलांटी. कॉम्प्युटर ते याच क्रमाने साठवतो, कारण युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं. कागदावर मात्र पहिली वेलांटी डावीकडे उभी राहते. म्हणजे साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा, आणि चित्र काढताना कुणीतरी ही अदलाबदल करायला हवी. जोडाक्षराचंही तेच. श, हलन्त, व असे तीन तुकडे साठवलेले असतात. त्यांच्या जागी ‘श्व’ ही एकच आकृती बसवायची असते.

या कामाला टेक्स्ट शेपिंग म्हणतात, आपण अक्षरजुळणी म्हणू. ते करणारा सगळ्यात प्रसिद्ध सॉफ्टवेअरचा तुकडा म्हणजे हार्फबझ. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस हे सगळे तो वापरतात, म्हणून फोनवर मराठी वाचताना आपल्याला यातलं काही जाणवत नाही. जुळणी करणाराच गैरहजर असेल तर साठवलेले तुकडे आले तसे ओळीने मांडले जातात. ‘सातारा’त सगळे काने अक्षरानंतरच येतात आणि जोडाक्षर एकही नाही, त्यामुळे जुळणीवाचून त्याचं काही अडत नाही.

इथे छापखान्यातले जुने लोक म्हणतील, आमच्या श्रीलिपीत असं कधी झालं नाही. बरोबर आहे. त्या जुन्या फॉन्टांत मजकूर दिसण्याच्या क्रमानेच साठवला जायचा, वेलांटी आधी आणि मग अक्षर. जुळणीचा प्रश्नच नव्हता. त्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागायची: फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा व्हायचा आणि शोधायला गेलं तर काही सापडायचं नाही. फॉन्ट बदलून बघण्याचा जो सल्ला हमखास मिळतो, तो युनिकोडच्या काळात फारसा कामाचा नाही. जोडाक्षर कसं जुळवायचं याचे तक्ते फॉन्टमध्ये असतात खरे, पण ते तक्ते वाचणारा हजर पाहिजे.

लायब्ररी, सोर्स आणि बिल्ड

लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरावा म्हणून लिहिलेला कोड. ती एकटी चालत नाही, दुसऱ्याच्या पोटात बसून काम करते. हार्फबझ ही लायब्ररी. चित्रावर मजकूर काढायला पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणारे लोक वापरतात ती पिलो हीसुद्धा लायब्ररी.

माणसाने लिहिलेला कोड म्हणजे सोर्स. त्यातून यंत्राला चालवता येईल अशी फाइल तयार करण्याचं काम कंपायलर करतो. लायब्ररीत शेकडो फाइली असतात. त्या कोणत्या क्रमाने, कोणत्या सूचना देऊन, दुसऱ्या कोणत्या लायब्रऱ्यांना जोडून तयार करायच्या हे सांभाळणारी व्यवस्था म्हणजे बिल्ड सिस्टिम. आणि बांधकाम सुरू होण्याआधी तिला जे सांगावं लागतं ते कॉन्फिगरेशन: हे हवं, ते नको, अमुक यंत्रासाठी कर, तमुक जागी ठेव.

घराच्या स्लॅबचंही असंच असतं. काँक्रीट पडण्याआधी वायरिंगचे पाइप आणि पंख्याचे हूक टाकून घ्यावे लागतात. तेव्हा जिथे पाइप टाकला नाही, तिथे नंतर पंखा लावायचा म्हटलं तर स्लॅब फोडावा लागतो. आणि वरून प्लास्टर झाल्यावर कुठे पाइप आहे आणि कुठे नाही, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. बिल्ड झालेली लायब्ररी अशीच असते. सोर्स एकच, आवृत्तीचा आकडाही तोच, तरी दोन ठिकाणी बांधलेल्या फाइली आतून वेगळ्या.

या व्यवस्थांचा इतिहास थोडक्यात. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिलं. कोणती फाइल बदलली हे तारीख-वेळेवरून ओळखून तेवढंच पुन्हा बांधायचं, ही त्याची युक्ती. पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे इतके प्रकार झाले की प्रत्येक यंत्रावर काय आहे आणि काय नाही हे आधी तपासणं भाग पडलं. त्यासाठी १९९१ मध्ये ‘ऑटोकॉन्फ’ सुरू झालं, आणि ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ हा तीन पायऱ्यांचा मंत्र एका अख्ख्या पिढीच्या तोंडी बसला. आज ‘सीमेक’ आणि ‘मेसन’ जास्त दिसतात. हार्फबझ मेसनने बांधतात.

यांतल्या कोणत्याही व्यवस्थेत साधीशी वाटणारी निवड महागात पडू शकते. सीमेकला बिल्डचा प्रकार सांगितलाच नाही, तर मेक किंवा निंजा (मेकसारखंच दुसरं साधन) यांच्या वाटेने बांधताना तो वेग वाढवणारी एकही सूचना कंपायलरला देत नाही. लायब्ररी बांधून होते, चालते, उत्तरंही बरोबर देते, फक्त रखडत. मग लोक आणखी मोठा सर्व्हर भाड्याने घेतात.

‘सापडलं तर घे, नाही तर सोड’

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पिलो ही लायब्ररी मजकूर दोन पद्धतींनी काढू शकते. एक साधी, तुकडे ओळीने मांडणारी. दुसरी ‘रॅक्म’ नावाच्या छोट्या लायब्ररीमार्फत, जी पुढे हार्फबझकडून जुळणी करून घेते. बिल्ड होताना पिलोला दोनच गोष्टी सक्तीच्या लागतात: जेपेग चित्रांची लायब्ररी आणि माहिती दाबून छोटी करणारी झेडलिब. त्या नसतील तर बिल्ड थांबतं आणि लाल अक्षरांत तक्रार येते. रॅक्म ऐच्छिक आहे. सापडली तर जोडली जाते, नाही सापडली तर काम तसंच पुढे जातं. शेवटी येणाऱ्या सारांशात ‘रॅक्म उपलब्ध नाही’ अशी तीन ताऱ्यांची एक ओळ असते. पण पायथॉनची पिप ही व्यवस्था बिल्ड यशस्वी झालं की मधला सगळा मजकूर दाखवतच नाही. तारे कुणी बघायचे?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे बिल्ड करतो? आम्ही तयार फाइल उतरवून घेतो. तीही कुणीतरी बांधलेलीच असते. पिलोच्या तयार फाइलींत ८.२.० या आवृत्तीपासून रॅक्म आतच दिलेली आहे, म्हणजे प्रश्न मिटायला हवा होता. पण ती रॅक्म ‘फ्रिबिडी’ नावाची आणखी एक लायब्ररी प्रोग्रॅम चालू असताना शोधते. फ्रिबिडीचं काम उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांचं. देवनागरीला तिची काडीची गरज नाही. तरी ती सापडली नाही की रॅक्म बंद पडते, रॅक्म बंद म्हणजे हार्फबझपर्यंत पोचणं बंद, आणि पिलो गुपचूप साध्या पद्धतीवर उतरते. उर्दूची लायब्ररी नाही म्हणून मिरज मोडतं, ते असं.

लॅपटॉपवर नीट आणि सर्व्हरवर मोडकं, याचाही उलगडा इथेच होतो. लिनक्सच्या डेस्कटॉपवर खिडक्या आणि मेन्यू दाखवायलाच फ्रिबिडी लागते, म्हणून ती आधीपासून असते. सर्व्हरवर चढवायच्या, मुद्दाम सडपातळ ठेवलेल्या तयार गठ्ठ्यात (त्यालाही ‘इमेज’ म्हणतात, पण ते चित्र नव्हे) ती नसते, कारण तिथे पडदाच नाही.

उपाय दोन ओळींचा आहे: सर्व्हरवर फ्रिबिडी बसवा, आणि प्रोग्रॅम सुरू होताना पिलोच्या ‘फीचर्स’ या भागाला रॅक्म आहे का असं विचारून, नसेल तर तिथेच थांबा. मला दुसरी ओळ जास्त महत्त्वाची वाटते. पहिलीने आजचा सर्व्हर सुधारतो. उद्या तो कुणी बदलला तर दुसरीच तुम्हाला वाचवेल.

कॉम्प्युटरने स्वतःच ओळखलेलं काय वाईट?

वाईट काही नाही, जागा चुकते. स्वतःच्या लॅपटॉपवर एखादी लायब्ररी चाखून बघणाऱ्याला वीस गोष्टी आधी जमवायला लावल्या तर तो पळून जाईल. त्याच्यासाठी आपोआप ओळखणं हे वरदानच. पण जे बिल्ड दुसऱ्या लोकांपर्यंत जाणार आहे, तिथे ‘असेल तर बघू’ हे धोरण म्हणजे निर्णय न घेणं.

मेसनने हा मुद्दा फार नेटका सोडवला आहे. तिथे ऐच्छिक गोष्टीपुढे तीनपैकी एक शब्द लिहिता येतो: चालू, बंद, किंवा आपोआप. ‘चालू’ म्हटलं आणि ती लायब्ररी सापडली नाही, तर बिल्ड तिथेच मोडतं. ‘बंद’ म्हटलं तर असूनही घेत नाही. सीमेकमध्ये लायब्ररी शोधायच्या आज्ञेत ‘सक्तीचं’ असा शब्द घालता येतो. पिलोलाही बिल्डच्या वेळी रॅक्म सक्तीची आहे असं बजावता येतं. माझा नियम सरळ आहे: बाहेर जाणाऱ्या बिल्डमध्ये ‘आपोआप’ एकही ठेवायचं नाही. प्रत्येक ऐच्छिक गोष्टीपुढे हो किंवा नाही लिहायचं आणि ती यादी सोर्सच्या शेजारीच ठेवायची.

मग सगळंच चालू का करू नये?

हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर एफएफएमपेग या व्हिडिओच्या लायब्ररीत दिसतं. तिच्यासोबत येणारा त्याच नावाचा प्रोग्रॅम कुठेही चालवला की तो आपली कुंडली आपणच छापतो. पहिल्या काही ओळींतच ‘कॉन्फिगरेशन’ म्हणून बिल्डच्या वेळी दिलेले सगळे पर्याय ओळीने येतात. व्हिडिओवर मजकूर टाकायची सोय हवी असेल तर त्यांत फ्रीटाइप (फॉन्टमधून अक्षरांच्या आकृत्या काढणारी लायब्ररी) चालू केलेलं दिसलं पाहिजे, आणि २०२३ च्या ६.१ आवृत्तीपासून हार्फबझही. ही ओळ वाचायची सवय लागली की निम्मी भांडणं मिटतात.

याच एफएफएमपेगमध्ये पर्यायांमुळे कायद्याची बाजूही बदलते. साध्या बिल्डला एलजीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा सैल अटींचा परवाना लागू होतो. व्हिडिओ दाबण्यासाठी लोकप्रिय असलेली एक्स२६४ जोडायची तर त्याहून कडक असा जीपीएल चालू करावा लागतो, आणि मग अख्ख्या बिल्डला जीपीएलच्या अटी लागतात. ‘नॉनफ्री’ हा पर्याय दिला तर ती फाइल दुसऱ्याला वाटण्याची परवानगीच राहत नाही. आपलं अॅप विकणाऱ्याने सगळं चालू करून ठेवलं, तर तो नकळत अशा अटी मान्य करून बसतो ज्या त्याच्या वकिलाने वाचलेल्याही नसतात.

शिवाय जोडलेली प्रत्येक लायब्ररी स्वतःच्या चुका घेऊन येते आणि तिची डागडुजी तुमच्या गळ्यात पडते. कधी कधी तर दोन लायब्रऱ्या एकमेकींवर अडून बसतात. फ्रीटाइपला एका कामासाठी हार्फबझ लागायची, हार्फबझला फ्रीटाइप. आधी कुणाला बांधायचं? वर्षानुवर्षं चालत आलेली तोड अशी: फ्रीटाइप एकदा हार्फबझशिवाय बांधा, मग हार्फबझ बांधा, मग फ्रीटाइप पुन्हा बांधा.

एका टिंबाची गोष्ट

बिल्डचं कॉन्फिगरेशन हा निव्वळ तांत्रिक किराणा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी २०२४ चं एक्सझेड प्रकरण. एक्सझेड ही फाइली दाबून छोट्या करणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. तिच्या विकासात एका टोपणनावाच्या माणसाने दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. सर्व्हरवर दुरून प्रवेश देणाऱ्या एसएसएच व्यवस्थेतून आत शिरायचा तो डाव होता. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो जगजाहीर केला. ते पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक. एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्याशा खटकण्यावरून ते मागे लागले होते. धोक्याच्या मोजपट्टीवर या प्रकरणाला दहापैकी दहा गुण मिळाले.

यात मुख्य सोर्स कोड वाचून काही सापडलं नसतं. विषारी तुकडा चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम खराब भासणाऱ्या फाइलींत दडवला होता. तो बाहेर काढून लायब्ररीत घालणारी ओळ होती बिल्डच्या कॉन्फिगरेशनमध्ये, आणि तीही फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्सच्या भांडारात ती नव्हतीच. वर ती ओळ आधी पाहायची की बिल्ड एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवरच्या) लिनक्सचं आहे का आणि ते डेबियन किंवा आरपीएम पद्धतीच्या पॅकेजसाठी चाललंय का. नसेल तर गप्प बसायची.

दुसरी करामत मला जास्त शिकवून गेली. लिनक्समध्ये लँडलॉक नावाची सोय आहे. प्रोग्रॅम कोणत्या फाइलींना हात लावू शकेल यावर ती बंधन घालते. हे यंत्र लँडलॉक ओळखतं का, हे पाहायला एक्सझेडच्या सीमेक फाइलीत एक इवलासा चाचणी प्रोग्रॅम होता: तो कंपाइल झाला तर सोय आहे, नाही झाला तर नाही. त्या चाचणीत एका ओळीवर एक एकटं टिंब घालून ठेवलं गेलं. टिंबामुळे चाचणी कोणत्याच यंत्रावर कंपाइल होणं शक्य नव्हतं. म्हणून सीमेकने दरवेळी निष्कर्ष काढला की इथे लँडलॉक नाही, आणि संरक्षणाविनाच बिल्ड पुढे नेलं. इशारा नाही, थांबणं नाही. आपलं मिरज मोडणारी जी वाट, ‘सापडलं तर घे, नाही तर सोड’, तीच इथे कुणीतरी जाणूनबुजून वापरली.

जुन्या अॅपवाल्यांसाठी एक तातडीची गोष्ट

सध्या सांगली-साताऱ्यातल्या छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे येणाऱ्या तक्रारींत गुगल प्लेची एक अट डोकं वर काढते. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठीच्या नव्या अॅपना आणि अपडेटना १६ केबीची पानं चालली पाहिजेत. फोन आपली मेमरी पानापानांनी वाटतो. आजवर एक पान ४ केबीचं असायचं, आता काही फोनांत ते १६ केबीचं असू शकतं. लायब्ररीची फाइल मेमरीत कुठे कापून ठेवायची हे बिल्डच्या वेळी ठरतं, म्हणून ४ केबी धरून बांधलेली लायब्ररी तिथे अडते.

निव्वळ जावा किंवा कोटलिनमध्ये लिहिलेल्या अॅपला यातलं काही करावं लागत नाही. सी किंवा सी++ ची लायब्ररी पोटात असेल तरच प्रश्न येतो. स्वतःचा कोड असेल तर अँड्रॉइडच्या एनडीकेची, म्हणजे सी-सी++ चा कोड बांधायच्या अवजारांच्या संचाची, २८ वी आवृत्ती घेऊन पुन्हा बांधला की झालं, ती आपणहून १६ केबी धरते. जुन्या एनडीकेवर लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडणाऱ्या साधनाला) पानाचा आकार १६३८४ असा सांगायचा पर्याय द्यावा लागतो. एक ओळ.

ती ओळ लिहायला मात्र सोर्स हातात हवा. बिल छापणाऱ्या यंत्राशी किंवा वजनकाट्याशी बोलणारी लायब्ररी कुणीतरी पाच-सहा वर्षांपूर्वी नुसती तयार फाइल म्हणून दिलेली असते. सोर्स दिलेला नसतो, बिल्डचे पर्याय कुठे लिहिलेले नसतात, आणि देणाऱ्याने आता धंदा बदललेला असतो. अशा वेळी ती लायब्ररी नव्याने लिहून घेण्यापलीकडे इलाज नाही, आणि तो खर्च संस्थेच्याच माथी बसतो. पुढचं काम देताना करारात तीन गोष्टी नावानिशी घाला: सोर्स, बिल्डच्या कॉन्फिगरेशनची फाइल, आणि कोऱ्या यंत्रावर त्या दोन्हींतून लायब्ररी पुन्हा बांधून दाखवण्याची अट. शेवटचा हप्ता त्या तिसऱ्या गोष्टीनंतर द्या.